बुवांच्या डोक्याचा फोटो

कारभारीबुवांचं कीर्तन इंदिरानगरात दर शनिवारी असे, आणि ते ऐकून माणूस सुधारतो अशी बुवांची खात्री होती. बुवा स्वतः दर शनिवारी ऐकत असूनही सुधारले नव्हते, ही गोष्ट निराळी.

२००८ साली शेजारची तृप्ती मेंदूचा अभ्यास करत होती. तिनं बुवांना एमआरआयच्या नळकांड्यात निजवलं. "काका, डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं पडायचं. स्वस्थ असताना मेंदूचे भाग एकमेकांशी किती ताळमेळ ठेवतात, ते मोजायचंय."

"माझ्या डोक्यात किती निघाला?" बाहेर येताच बुवांनी विचारलं.

तिनं सगळं तपासून संध्याकाळी सांगितलं, "या वेळी तरी भरपूर दिसतोय."

त्यातलं 'या वेळी तरी' बुवांनी तिथंच सोडलं आणि 'भरपूर' तेवढं घरी आणलं. शनिवारी पूर्वरंगातच ते गरजले, "मंडळी, यंत्रानं फोटो काढून पाहिलं! नामानं या डोक्याचा कण न् कण जोडलाय!" टाळ्या कडाडल्या. नामाला की डोक्याला, याची बुवांनी चौकशी केली नाही.

पुढच्या शनिवारी कीर्तन संपलं. मूळची नामपूरची नवसाबाई पाया पडून म्हणाली, "बुवा, बीपीच्या गोळ्या सोडल्या मी. आठ दिस झाले. नुसतं नाम. तुमच्या फोटोत दिसलंच ना!"

बुवांना 'बाई, गोळ्या घ्या,' एवढंच बोलायचं होतं. पण भोवती चाळीस माणसं कौतुकानं बघत होती. बुवा म्हणाले, "हरी हरी."

दुसऱ्या दिवशी तृप्तीकडे ठरलेली दुसरी फेरी होती. पुन्हा तसंच निघालं तर नवसाबाईचंही खरं आणि आपलंही, अशा आशेनं बुवा आत निजले. श्वाससुद्धा बेतानं घेतला.

संध्याकाळी तृप्ती म्हणाली, "काका, या वेळी ताळमेळ निम्मासुद्धा नाही."

"पंधरा दिवसांत माझं डोकं बिघडलं?"

"डोकं तेच आहे हो, मोजमाप डळमळतंय. एकाच माणसाचं दोनदा मोजलं तर सारखं येतं का, हेच तर मी तपासतेय. पाच मिनिटांवर भरवसा नाही टाकता येत. त्यात पहिल्यांदा तुमची मान हलत होती."

"यंत्राची ठकठक लयीत होती गं! कीर्तनकाराची मान डोलणार नाही?"

"मान हलली की नसलेला ताळमेळही दिसतो, काका."

बुवा तडक नवसाबाईच्या दारात. "बाई, नाम खरं. फोटो कच्चा. आणि मी फोटोहून कच्चा." सगळं सांगून टाकलं.

नवसाबाई म्हणाली, "म्हंजे मान तुमची डोलली, अन् गोळ्या मी सोडल्या?"

"हो."

"अन् काल मी सांगितलं, तवा तुमी नाय बोलले हे? 'हरी हरी' म्हणाले!"

"देवाला पुढं केलं, बाई, आणि मी मागं लपलो."

ती खो खो हसली, मग कपाळ दाबत खाली बसली. "हे चाळीस जणांपुढं सांगाल?"

"शनिवारी तेच आख्यान लावतो. तुमचं डोकं दुखतंय का?"

"सकाळपासून लय जड हाय."

"चपला घाला," बुवा म्हणाले. "रिक्षा बोलावतो. डॉक्टरांनी विचारलं गोळ्या कुणी सोडायला लावल्या, तर माझं नाव सांगा."

"सांगणारच," नवसाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं. तिनं सांगितलं, आणि बुवा तिथंच उभे राहिले.