गाडी क्रमांक एकशे सतरा

लताबाईंनी तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली होती. संपादकांना पत्र लिहायचं तर तारीख, वेळ, ठिकाण हवंच, नाहीतर ते सरळ टोपलीत जातं, असं त्या कॉलनीभर सांगत सुटायच्या. त्यामुळे सातपूरच्या थांब्यावर सकाळची बस थांबतच नाही, हे लिहिताना त्यांनी तीन तारखा दिल्या, सहा चाळीसची वेळ दिली आणि गाडीच्या मागे रंगवलेला क्रमांकही दिला. एकशे सतरा. पत्र स्वतः कार्यालयात नेऊन दिलं, पोचही घेतली. गप्प बसवतं का बाईंना!

त्याच संध्याकाळी शेजारची ताहेरा पेढे घेऊन आली. तिचा नवरा सलीम शहर बसवर हंगामी ड्रायव्हर होता.

"मावशी, सलीमला कायम करणार आहेत. महिनाभर एकही तक्रार यायला नको, एवढंच म्हणालेत." तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. सलीम बसला टेकून हसत उभा होता. त्याच्या खांद्याशी क्रमांक होता, एकशे सतरा.

लताबाईंचा पेढा तोंडात तसाच राहिला. ताहेरा गेल्यावर त्यांनी वर्तमानपत्राला फोन लावला.

"ते पत्र मागे घ्यायचंय हो."

"पान छपाईला गेलं, मावशी. आता काही होणार नाही."

भिंतीपलीकडे ताहेराच्या कुकरची शिट्टी झाली तरी त्या दचकत होत्या. आपल्या हातानं पोराचं वाटोळं केलं, हेच डोक्यात फिरत होतं. कुणी सांगितलं होतं एवढं नेमकं लिहायला?

सकाळी पेपरवाल्याच्या हातातून त्यांनी अंक जवळजवळ ओढूनच घेतला. पत्र होतं, पण कापून चार ओळींचं केलेलं. तारखा नाहीत, वेळ नाही, क्रमांक नाही. 'काही बस थांबत नाहीत, प्रशासनाने लक्ष द्यावे.' लताबाईंचा जीव भांड्यात पडला. एरवी अशा कापाकापीवर त्यांनी संपादकाला फैलावर घेतलं असतं.

मग त्या दुधाला निघाल्या. थांब्यावर पायल उभी होती, पहिल्या पाळीला कारखान्यात जाणारी. सात वाजता तिचं गेट बंद होई. बस आली. पायलनं हात केला, चार पावलं पळालीसुद्धा. बस थांबली नाही. उलट खिडकीतून सलीमनं लताबाईंना ओळखून हात हलवला, अगदी प्रेमानं.

पायल ओढणी सारखी करून चालायला लागली. लताबाईंना स्वतःचीच लाज वाटली.

घरी येऊन त्यांनी नवा कागद घेतला. तारखा आता चार झाल्या होत्या. क्रमांकही पुन्हा लिहिला. मग ताहेराचं दार वाजवलं.

"या ना मावशी, चहा टाकते."

"चहा राहू दे. सलीम आला की मला हाक मार," लताबाई म्हणाल्या. "हे पत्र आधी त्याला वाचून दाखवायचंय."