मास्तरांची पात

“साठाच्या साठ हजर? शाळा हाय का लग्नाची पंगत?”

इनायतुल्ला मास्तरांनी हजेरीचं रजिस्टर असं आपटलं, की पार अकोल्याला जठारपेठेत पारवे उडाले. मी, जानराव, शाळेच्या कुंपणाला टेकून होतो. खोटं कशाला सांगू?

आमच्या गावच्या उर्दू शाळेत मास्तरांनी सव्वीस वर्षं काढली. कापसाला भाव नाही, मजूर परवडत नाही, म्हणून पोरं वेचणीला जात. मग मास्तर शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारत. त्या हाकेनं पोरं वर्गात पळत आणि पूर्णा नदी घटकाभर थांबे. थांबे म्हणजे थांबे!

यंदा नव्या तुबा मॅडमनं आमची जुनी सावड पुन्हा जोडली. मोहल्ल्यातल्या आणि आमच्या आळीतल्या बाया-माणसांनी मिळून आज याचं शेत वेचायचं, उद्या त्याचं. “नमाजेत खांद्याला खांदा लावता, तसंच शेतात लावा,” ती म्हणाली. पोरं वर्गात बसली. तालुक्याचे साहेब आले, तिची वाहवा करून गेले. मास्तरांकडे त्यांनी फक्त पाणी मागितलं.

“मास्तर, तुमचं बी शेत सावडीत घाला,” मी म्हणालो.

“त्या कालच्या पोरीच्या? माहा कापूस जळला तरी चालते!”

“जळून तर तुमीच राहिले.”

पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

एका शुक्रवारी शाळेला सुट्टी होती आणि आभाळ भरून आलं. नमाज आटोपून मास्तर शेताकडे धावले. शेत वेचून झालं होतं. धुऱ्यावर माझ्यासकट चाळीस माणसं बसलेली, शिदोऱ्या बांधलेल्या. कापसाची एकच ओळ, एकच पात, पांढरी उभी.

“कोणं सांगतलं तुमाले?”

“म्या,” त्यांची बायको बिस्मिल्लाबी उठली. “महिनाभर साऱ्याइचा कापूस वेचला म्या. हे खैरात नोहे.”

तुबा हळूच म्हणाली, “सर, सावडीत शेवटची पात घरधन्याची. तुमी वेचल्याबिगर कोणी जेवत नाही.”

मास्तरांनी कापूस टाकायला कमरेला रुमालाची ओटी बांधली. वाकले. पात लांब, आभाळ खाली आलेलं. अर्ध्यात त्यांचा हात थांबला. मान वर न करता ते पुटपुटले,

“मॅडम, तिकडून धरा.”

ती हाक मला पाच हातांवर जेमतेम ऐकू आली. पण तुबा उठली आणि पातीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाकली.