तांबडं सोनं

तैनाकने साचा फोडला आणि समोर बसलेल्या शागुआचा चेहरा खाडकन उतरला.

भट्टीपासून चार हातांवर, दगडी चौथऱ्याच्या काठाशी ती सकाळपासून बसून होती. मेलेल्या पोराच्या जिवाचं मोल म्हणून जो दागिना मिळायचा, तो साच्यातून निघताना आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, हा रिवाज डोंगरात होता तसाच खाली किनाऱ्यावरही होता. आणि निघालं काय, तर काजळीने बरबटलेलं तांबडं ध्यान. वटवाघळाच्या तोंडाचा माणूस होता, पंख पसरलेले, बोटांची नखंसुद्धा सुबक उतरलेली. पण रंग जुन्या मडक्याचा.

“सोनं कुठाय?” शागुआने विचारलं.

तैनाक दागिन्याला चिकटलेली साच्याची माती झटकत राहिला.

“मी काय विचारते? सोनं कुठाय?”

“गिळलं असेल,” मातुको म्हणाला. हा तिचा धाकटा दीर, गळ्यात मोठा शंख अडकवून तिच्यासोबत वर आलेला. “डोंगरातली माणसं ही, वहिनी. आपलं मीठ खातात, आपले मासे खातात आणि वर आपल्यालाच तांबं विकतात. बघ ना, बोलतोय का? दातखीळ बसलीय त्याची.”

दातखीळ बिलकूल बसली नव्हती. तैनाकला बोलायचंच नव्हतं. मूस विस्तवावर चढली की दागिना पुरता झळाळेपर्यंत ओतणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही, त्याचा श्वास तेवढा वेळ फक्त फुंकणीचा. एरवी कुणी चुकून ओरडलं, शिवी हासडली, तर तो दागिना बाजूला टाकून दुसरा करता येतो. जिवाच्या मोलाचा दागिना दुसऱ्यांदा ओतता येत नाही. बोललास की संपलं.

आणि संपणार होता तो उरुमे, तैनाकचा जावई. वीस दिवसांपूर्वी कापड देऊन मीठ आणायला तो शागुआच्या गावी, गाचिराच्या किनाऱ्यावर उतरला होता. जाळ्यावरून बाचाबाची झाली, त्याने शागुआच्या एकुलत्या एका पोराला ढकललं आणि तो पोर खडकावर पडला तो उठलाच नाही. मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं, पण मेलेल्याला त्याचं काय! तेव्हापासून उरुमेला शागुआच्याच घरात खांबाला बांधून ठेवलं होतं. शागुआने दागिना घेतला तर मातुको शंख दोनदा फुंकणार. नाकारला तर एकदाच, लांब. टेकडीटेकडीवरची माणसं तो आवाज झेलत खाली पोचवणार, आणि गाचिराचे लोक उरुमेच्या गळ्यात दगड बांधून त्याला समुद्रात लोटणार.

चूक तैनाकचीच होती, आणि ती आता त्याला लख्ख दिसत होती. सोन्यात तांबं मिसळायचंच असतं, त्याशिवाय ते साच्यात धड वाहत नाही, नखाबोटांत शिरत नाही. साच्यातून ते तांबडंच निघतं. मग तापवून आंबुशीच्या रसात बुचकळायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा बुचकळायचं. वरचं तांबं रस खाऊन टाकतो आणि सोनं वर येतं. जन्म या धुरात गेलेल्या माणसाला वाटत होतं की हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. किनाऱ्यावर जिवाच्या मोलाची वेळ कित्येक पिढ्यांत आली नव्हती आणि तिथल्या लोकांनी दागिना पाहिला तो नेहमी पिवळा झाल्यावर, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी विस्तव पेटवण्याआधी दोन वाक्यं बोलला असता तर भागलं असतं. बोलला काय, तर “बसा, ऊन लागेल, थोडं आत सरका.” शहाणाच!

त्याची मुलगी निबेरा कणसं सोलता सोलता धावत आली. “मावशी, अजून व्हायचंय ते! रसात घातलं की पिवळं होतं. दरवेळी असंच असतं.”

“मावशी म्हणू नकोस मला.”

“शपथ घेते—”

“घेशील ना. नवरा तुझा अडकलाय. तो सुटावा म्हणून दगडालासुद्धा सोनं म्हणशील तू. मीही म्हटलं असतं.” शागुआ उठली. गुडघ्यावर हात टेकून, जड जड उठली. “चल मातुको. मला फसवलंय यांनी. माझ्या पोराची किंमत तांब्यात केली.”

मातुकोने शंख ओठांना लावला.

तैनाकचे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. बोललो तर जावई मेला, नाही बोललो तरी मेला. निबेरा दोन्ही हातांनी तोंड दाबून बापाकडे बघत होती. त्याने पुढे होऊन शागुआची वाट अडवली आणि स्वतःच्या नाकातली नथ खसकन ओढून काढली. पिवळीधमक नथ, सगळ्या डोंगरात लोक जिचं नाव घेत. ती त्याने तिच्यासमोर चौथऱ्याच्या खरबरीत दगडावर घासली. चार-पाचदा, जोर लावून, आणि तिच्यापुढे धरली. घासलेल्या जागी तांबडं दिसत होतं.

“हात्तिच्या!” मातुको शंख खाली घेत खो खो हसला. “याच्या स्वतःच्या नाकात पण खोटंच! वहिनी, हा तर घरच्यांनाही फसवतो.”

भलतंच झालं होतं. आपल्या हाताने आपण आपल्याला चोर ठरवलं. मग तैनाकने शागुआच्या गळ्याकडे बोट केलं. दोऱ्यात एक नथ होती तिच्या. तिच्या सासऱ्याची, मग नवऱ्याची, मग पोराची. पोराच्या नाकातून काढून तिने ती गळ्यात बांधली होती.

“हिला हात लावायचा नाही,” ती म्हणाली.

तैनाकने हात मागे घेतला आणि फक्त त्या दगडाकडे पाहिलं.

मग शागुआ वाकली. तिने दोरा सोडला नाही, गळ्यातूनच नथ दगडाशी नेली, आणि डोळे मिटून घासली. जरा थांबली. पुन्हा घासली. डोळे उघडून पाहिलं, तर तिथेही तांबडं.

“हीसुद्धा?” ती कुणाला तरी विचारावं तसं म्हणाली. “आमच्या तीन पिढ्या हिच्यावर मिरवल्या.”

“वहिनी...” मातुकोचं हसू कुठच्या कुठे गेलं होतं.

“गप रे. तुझ्या नाकातली घासून बघ, मग बोल.”

मातुकोने नाकावर हात ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला. शागुआ पुन्हा होती तिथे बसली. “कर बाबा,” ती तैनाकला म्हणाली. “काय करायचं ते कर. मी बघते.”

तैनाकने दागिना निखाऱ्यावर ठेवला. काळा पडल्यावर चिमट्याने उचलून रसात सोडला. चर्र झालं, आंबट वाफ उठली. बाहेर काढला तरी तांबडाच. दुसऱ्यांदा तांबडाच. सकाळचा रस जुना तर झाला नसेल? तिसऱ्यांदा पंखांच्या कडा जरा उजळल्या. पाचव्यांदा काढून त्याने गुळगुळीत गारगोटीने छाती घोटली, आणि ती पिवळी झाली. मग पोट, मग पंख, मग ती नखं. शागुआ पापणी न लववता पाहत होती. निबेरा मुसमुसत होती, आणि तिला कुणी गप्प बसवलं नाही.

तैनाकने दागिना दोन्ही हातांवर धरून पुढे केला. आता बोलायला मोकळीक होती. क्षमा मागायची होती, किती काय सांगायचं होतं. पण “घ्या बाई” एवढंच बाहेर पडलं.

तिने तो घेतला, उलटसुलट केला, मुठीत धरला. “वाजव दोनदा,” ती मातुकोला म्हणाली.

शंख दोनदा वाजला. समोरच्या टेकडीने तो झेलला, मग पलीकडच्या. निबेरा मटकन खाली बसली.

“ऊठ,” शागुआ म्हणाली. “रडायला मागाहून वेळ आहे. तू माझ्याबरोबर खाली चल.”

“मी? कशाला, मावशी?”

या वेळी शागुआने मावशी म्हटल्याचं मनावर घेतलं नाही. “जीव वाचला त्याचा. पण मी अशीच दोर सोडायची नाही. माझ्या अंगणात उभी राहा आणि नवऱ्याला हाक मार. चांगली मोठ्याने. पोर गेल्याला वीस दिवस झाले, तेव्हापासून माझ्या दारात येऊन कुणी कुणाला हाक मारलेली नाही.”