मागच्या सीटवरचा ड्रायव्हर

खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही, याचाच राग येतो.

लेकीचं तिरळेपणाचं ऑपरेशन होतं. सात वर्षांची पोर. आज उजवा डोळा, महिन्याभराने डावा. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, या ऑपरेशननंतर मुलांना उलट्या फार होतात, म्हणून आधीच विचारून ठेवते. हिला गाडी लागते का? घरात आणखी कुणाला लागते? भुलीनंतर कुणाला त्रास झाला होता?

बायको म्हणाली, "हिला थोडी..."

मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "छे हो, ड्रायव्हरची पोरगी आहे. आमच्यात कुणालाच नाही तसलं काही."

त्याचं काय आहे, शेजारी मेहुणा उभा होता. माझ्याच बसवर कंडक्टर आहे तो. चोवीस वर्षं मी बस चालवतोय आणि स्टिअरिंग हातात असेपर्यंत मला काही होत नाही. मागच्या सीटवर बसवा, तिसऱ्या वळणाला पोट ढवळायला लागतं. लहानपणी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा तर दोन दिवस उलट्या थांबल्या नव्हत्या. डेपोत हे कळलं असतं तर निवृत्त होईपर्यंत माझी टर उडवली असती. म्हणून कुठे जायचं झालं की मी रस्ता दाखवायच्या नावाखाली पुढे जाऊन बसतो. बायकोलासुद्धा पत्ता नाही. आणि पोर तोंडाला पिशवी लावून बसली की सगळ्यांत आधी हसणारा मीच.

दुपारी तिला वॉर्डात आणलं आणि तासाभरात सुरू झालं. पोटात काही नव्हतं, तरी वाकून वाकून ओकत होती. प्रत्येक उमाशाला डोळ्यात कळ जायची, मग ती पट्टीवर तळवे दाबायची आणि सिस्टर ते हळूच बाजूला करायच्या. इंजेक्शन झालं, सलाईन लावलं, तरी थांबेना. बायको पाठ चोळत होती. माझ्याकडे बघतही नव्हती. मेहुणा चहा आणतो म्हणून सटकला होता. मी भांडं धरून उभा होतो आणि मला स्वतःची किळस येत होती.

डॉक्टरबाई पुन्हा आल्या. हिचं उलट्यांच्या एकाच औषधावर भागेल असं वाटलं होतं, असं कागद बघत म्हणाल्या. मग मात्र माझ्याच्याने राहवेना. सगळं सांगून टाकलं, अपेंडिक्ससकट. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, खात्री कुणीच देत नाही, पण माहीत असतं तर दोन औषधं दिली असती, भूलही वेगळ्या पद्धतीने दिली असती. डाव्या डोळ्याच्या वेळी तसं करू. तेवढं लिहून त्या गेल्या.

पोर झोपली असेल असं मला वाटलं होतं. तिने मोकळा डोळा उघडला.

"बाबा, तुम्हालाही गाडी लागते?"

"हो."

"माझ्यासारखी?"

"तुझ्याहून जास्त."

आता तुला कधी हसणार नाही, असं मी तिला म्हटलं. ते तिने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. आईचा हात धरून तिने भिंतीकडे तोंड वळवलं.

"पुढच्या वेळी डॉक्टरांना आईच सांगेल," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर थांबा."