जावयाला राम राम

माझा बाप मरता मरता माझ्या नवऱ्याला राम राम करून गेला, असं आमच्या दोन्ही घरांत सांगतात. सांगताना लोकांचे डोळे भरून येतात. माझे येत नाहीत, म्हणून चारुलता दगडाच्या काळजाची आहे, हेही त्याच दमात सांगून टाकतात. सांगू देत. सुपडू आप्पा माझे वडील होते, आणि त्यांचा तो हात कशासाठी वर गेला ते मला चांगलं ठाऊक आहे.

माझ्या नवऱ्याचा, नवनीतचा, नंदुरबारला मिरचीचा व्यापार. हिवाळ्यात पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानात, मिरची वाळत पडली की नुसत्या वाऱ्याने ठसका लागतो, आणि आमचं घर त्या ठसक्यावरच चालतं. लग्नाच्या वर्षीच त्याने मोठी पांढरी गाडी घेतली. पहिल्या दिवाळसणाला आम्ही तीतून माझ्या माहेरी, रनाळ्याला गेलो. जावई पाटावर बसला, ताट वाढलं गेलं, आणि तो ताटाला हात लावेना. जावई रुसला की सासऱ्याने हसून विचारायचं आणि जावयाने मागायचं, ही आमच्याकडची रीत. आप्पांनी विचारलं. नवनीतने गाडीला दिवे मागितले.

गाडीला दिवे नव्हते असं नाही. धुक्यासाठीचे पिवळे दिवे खाली बंपरमध्ये कंपनीनेच दिलेले होते. पण ते म्हणे म्हाताऱ्यांचे दिवे. त्याला पांढरे हवे होते, दोन पुढे आणि वर टपावर एक अख्खी ओळ. आप्पा खूश झाले. माझ्या आईला म्हणाले, "दिवाईले दिवाच मांगात जवाईबापूस्नी. सोनं त नई मांगं." आई हसली. नवनीतने पुरणपोळी मोडली.

दिवे रमजानने बसवले. नंदुरबारातल्या अर्ध्या गाड्यांची वायरिंग त्याच्याच हातची. त्याने दिव्यांची तोंडं खाली झुकवली आणि काचेच्या वरच्या अर्ध्या भागावर काळी टेप लावली. समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही, म्हणाला. नवनीतने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि गाडीला मोतीबिंदू झालाय का, असं विचारून तिथल्या तिथे टेप ओरबाडून काढली. तोंडंही पुन्हा वर करून घेतली. रमजान बिचारा काय बोलणार, गाडी त्याची थोडीच होती.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी निघाले तेव्हा नवनीत सोडायला आला. तिन्हीसांजेला गाडी गल्लीत वळली. आप्पा ओट्यावर वाट बघत उभे होते. उजेड अंगावर आला तसा त्यांनी हात वर करून डोळ्यांवर धरला. नवनीत हसायला लागला. "दख, तुन्हा बाप माले सलाम ठोकस." मी म्हटलं, त्यांचे डोळे दिपलेत, दिवे बंद करा. त्याने केले, पण अगदी ओट्याला चाक लागल्यावर. त्यानंतर जेव्हा जेव्हा गाडी रनाळ्याला गेली तेव्हा तेव्हा आप्पांचा हात तसाच वर गेला आणि तेव्हा तेव्हा हा तसाच हसला.

आप्पांचे डोळे अधू होते असं आता सांगतात, तेही खोटं. माझ्या आईच्या सुईत दोरा आप्पाच ओवून द्यायचे. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं. "माय, जवाईबापूले सांग ना, दिवा जरासा खाले कराले. मन्हा डोयासमोर नुसतं धवयं व्हई जास." धवयं म्हणजे पांढरं. तुम्हीच सांगा की, मी म्हटलं. तर कानाला हात लावला. जावयाला सासऱ्याने कसं सांगायचं? आणि त्यातून आपणच दिलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची? शेवटी मीच सांगितलं. नवनीत म्हणाला, बापाला एक गॉगल घेऊन दे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात रस्त्यावर ओळखीचं माणूस समोरून आलं की गाडीचे दिवे मारतात. तोच राम राम. समोरचा हात वर करतो, झालं. नवनीतने ही रीत फार मनावर घेतली होती. माणूस जितका जवळचा, तितके जास्त दिवे. सासरा म्हटल्यावर मग विचारायलाच नको.

भोगीच्या दिवशी पहाटे धुकं असं पडलं होतं की आमच्या दारातली तुळस दिसत नव्हती. नवनीत मिरची बघायला रनाळ्याकडे निघाला होता. आप्पा मोटारसायकलवर तिकडून नंदुरबारला येत होते. दर वर्षी भोगीची भाजी ते स्वतः आणून द्यायचे, आपल्या शेतातला हरभरा, वांगी, गाजरं. धुक्यातून पिवळट दिवा येताना दिसला, वर आप्पांचा लाल मफलर दिसला, आणि जावयाने सासऱ्याला ओळखलं. सगळे दिवे मारले. आप्पांचा हात वर गेला. मोटारसायकल रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आदळून खाली पाण्याच्या चारीत गेली. आमच्या गाडीला साधा ओरखडा नाही, हे नवनीत अजून सांगतो.

आप्पांना त्यानेच उचललं, त्यानेच दवाखान्यात नेलं, हे मी नाकारत नाही. रडलाही. पण दवाखान्याच्या पायऱ्यांवर पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, काय झालं, तेव्हाच त्याच्या तोंडून ते निघालं. आप्पांना तो मामा म्हणायचा. "मामास्नी मन्ही गाडी वयखी. मी दिवा मारा, त्यास्नी हात वर करा. जाता जाता माले राम राम करी गयात." ऐकणाऱ्याने हंबरडा फोडला, आणि नवनीतला कळलं की हे सांगण्यासारखं आहे.

मग ते वाढत गेलं. आधी नुसता हात वर केला होता. राख सावडायच्या दिवशी आप्पा हसलेसुद्धा होते. नंतर नंतर तर त्यांनी तोंडाने राम राम म्हटला आणि याने तो बंद काचेतून, इंजिनाच्या आवाजात ऐकला. बायका पदर डोळ्यांना लावायच्या आणि म्हणायच्या, केवढं मन त्या माणसाचं, जावयाला मान द्यायला हँडलवरचा हात सोडला. म्हणजे बघा, मोठं मनही आप्पांचं आणि चूकही आप्पांचीच. पोलिसांनी धुक्यात तोल गेला असं लिहून घेतलं. त्या सगळ्यात दिव्यांचं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही.

मी नवनीतला एकच मागितलं. ते दिवे उतरवा. माझा भाऊ योगेंद्र रोज पहाटे त्याच रस्त्याने मोटारसायकलवर नंदुरबारला नोकरीला येतो, आणि धुकं काही आप्पांबरोबर गेलेलं नाही. नवनीतने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही पाप बोलले. "तुन्हा बापनी आठवण शे ती," म्हणाला, "ती कशी काढू?" मग निदान तोंडं खाली करा, टेप लावा, म्हटलं. दहावं होऊ दे, म्हणाला. योगेंद्रला सांगितलं तर तो मान खाली घालून म्हणाला, ताई, जाऊ दे, नातं तुटेल. नातं तुटेल याची भीती सगळ्यांना, भावाची मान तुटेल याची एकट्या मला.

दहाव्याच्या दिवशीही पहाटे धुकं होतं. दशक्रियेला सगळे पुरुष तापीकाठी प्रकाशाला जायचे होते. उजेडाने घालवलेल्या माणसाचं दहावं प्रकाशाला. गावाचं नावच तसं आहे, त्याला मी काय करू. माहेरच्या घरात बायकांचं सारवण चाललं होतं. बाहेर गल्लीत पुरुष शेकोटी सोडून गाड्यांपाशी जमले होते. आमच्या गाडीचं इंजिन चालू होतं, आणि गाडीच्या तोंडासमोर उभा राहून नवनीत आदल्या रात्री आलेल्या पाहुण्यांना तेच सांगत होता. त्याची गाडीकडे पाठ होती. समोर आप्पांचे थोरले चुलतभाऊ वाहरूकाका, माझे मामा, सासरकडची माणसं, सगळे ऐकत होते. योगेंद्रही होता, डोकं भादरलेला, उघड्या अंगावर उपरणं घेतलेला.

आईने दशक्रियेच्या सामानाची पिशवी गाडीत ठेवायला मला पाठवलं होतं. डावीकडे भिंत होती, म्हणून मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि सीटवर चढून पिशवी पलीकडे ठेवली. बाहेर नवनीत राम रामापर्यंत आला होता. हात वर करून दाखवत होता, आप्पा कसे हसले तेही दाखवत होता. आप्पांचं हसू माझ्या नवऱ्याच्या तोंडून मला ऐकवेना. रमजानने बसवलेलं लाल बटण स्टिअरिंगखाली, माझ्या गुडघ्यापाशीच होतं.

"अहो," मी हाक मारली. तो वळला आणि मी बटण दाबलं.

सगळी गल्ली पांढरी झाली. नवनीतचा हात झटकन वर गेला. वाहरूकाकांचा गेला, मामांचा गेला, त्यांच्यामागे उभ्या असलेल्या प्रत्येकाचा गेला. योगेंद्रने तर दोन्ही हात वर केले. धुक्यात हात वर केलेल्या पुरुषांची एक रांगच्या रांग उभी होती, आणि एकालाही मी दिसत नव्हते.

दार उघडंच होतं. मी आतूनच म्हटलं, "दखा, समदा राम राम करी ऱ्हायनात माले. मन्हा आप्पास्नी बी आसाच करा व्हता."

मी दिवे बंद केले. मग ते हात खाली आले, आणि कसे आले तेही मी पाहिलं. कोणी तो टोपीवरून फिरवला, कोणी खिशात घातला, वाहरूकाकांनी उगाच दाढी खाजवली. नवनीत माझ्या दिशेने दोन पावलं आला आणि थांबला. बापाच्या दुःखाने हिचं डोकं फिरलंय, असं त्याने मागे वळून सगळ्यांना सांगितलं. दोघातिघांनी लगेच माना डोलावल्या.

तेवढ्यात माझी आई, कौसाबाई, सारवणाचं घमेलं घेऊन बाहेर आली. दारातून तिने सगळं पाहिलं होतं. ती गाडीच्या पुढे गेली, घमेल्यात हात घातला आणि पुढच्या दोन्ही दिव्यांच्या काचा वरून अर्ध्यापर्यंत शेणाने लिंपल्या. नीट, घाई न करता, चूल सारवतात तशा. टपावरच्या ओळीपर्यंत तिचा हात पोचेना. योगेंद्र पुढे आला, त्याने तिच्याकडून शेणाचा गोळा घेतला आणि वरचे दिवे लिंपले. दहा दिवसांत त्याने पहिल्यांदा माझ्या बाजूने काही केलं.

"त्यास्नं इतलंच म्हननं व्हतं," आई म्हणाली. "उजेड जरासा खाले."

दहाव्याच्या दिवशी विधवेला कोण अडवणार? नवनीतनेही अडवलं नाही. गाड्या निघाल्या. आमची गाडी धुक्यातून हळू जाताना मी गल्लीच्या टोकापर्यंत पाहिली. दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडत होता, जिथे पडायला हवा तिथे. मला त्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं, आणि बरं वाटलं.

दुपारी सगळे परतले. मी ओट्यावरच होते. आमची गाडी दारात लागली तर काचा लखलखत होत्या. पुढच्याही आणि टपावरच्याही. तिकडे आप्पांची क्रिया चालली असताना याने तापीचं पाणी बादलीने आणून दिवे धुतले, फडक्याने पुसले, असं योगेंद्रने मला नंतर सांगितलं. मी विचारलं, तू काय करत होतास. तो म्हणाला, मी पिंडापाशी बसलो होतो ताई. मग हळूच म्हणाला की बादली वाहरूकाकांनी धरली होती.

जेवणं झाली. नवनीत पोटभर जेवला. दिवेलागणीला त्याने मला पिशवी भरायला सांगितलं. मी म्हटलं, आधी ते दिवे उतरवा आणि मग मला न्यायला या. पाहुण्यांसमोर त्याला वाद नको होता. तो नुसतं म्हणाला, "मंग ऱ्हाय आठेच." आणि जाऊन गाडीत बसला.

गल्ली अरुंद, म्हणून गाडी मागे मागे टोकापर्यंत नेऊन तिथे वळवावी लागते. तोवर तिचं तोंड आमच्या घराकडेच होतं. मी ओट्यावर उभी होते, जिथे आप्पा उभे राहायचे तिथेच. त्याने दिवे लावले, सगळे. माझ्या डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि माझा हात आपोआप वर गेला.

त्याने मला पाहिलं असणार, कारण टोकाला पोचल्यावर त्याने दोनदा दिवे मारले. मग गाडी वळून निघून गेली.

शेजारच्या ओट्यावरून रेवाबाई सगळं बघत होती. ती आपल्या सुनेला म्हणाली, "कितली बी रागमा ऱ्हायनी तरी दख, नवराले हात वर करीसन राम राम करा पोरनी."