अर्थिंग

चिमी ज्या कंपनीत कामाला होती तिथे जुन्या पिनबॉल मशिनांचे व्हिडिओ गेम बनवत. काचेखालचा उतरता रंगीत पाट, वरून घरंगळत येणारी पोलादी गोळी, तिला अडवणारे खालचे दोन फ्लिपर, मध्येच टणकन उडवून लावणारे बंपर, हे सगळं जसंच्या तसं पडद्यावर आणायचं. चिमीकडे आवाजाचं काम होतं. खरं मशीन जिथे असेल तिथे माइक घेऊन जायचं आणि त्याची प्रत्येक खडखड टिपून आणायची. चिमी हे तिचं घरातलं नाव. चाळिशी उलटली तरी आईने ते सोडलं नव्हतं, आणि फोनवर ऐकून ऐकून ऑफिसातल्यांनीही तेच उचललं होतं.

कोणती मशिनं करायची यावरून ऑफिसात नेहमी जुंपायची. चित्रकाराला मागच्या काचेवरचं चित्र देखणं हवं असे. प्रोग्रामरला गोळीच्या वाटा अवघड हव्या असत. चिमीचं म्हणणं असे की डोळे मिटून ऐकलं तरी खेळणारा कुठे चुकला ते कळलं पाहिजे. ज्या मशीनचं हे कळत नाही, ते करण्यात अर्थ नाही. बॉसला मात्र दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही असंच काहीतरी हवं असे.

त्या दिवशी बॉसने भिंतीवर एक फोटो लावला. तांब्याचं शिरस्त्राण घातलेला पाणबुड्या, पायाला विळखा घालणारा ऑक्टोपस, वर बुडबुडे. मशीनचं नावही ‘पाणबुड्या’च. मोजकीच बनली होती, कारखाना लगेच बंद पडला, आणि चालू स्थितीतलं एकच आता एका दातांच्या डॉक्टरांकडे आहे, असं बॉसने सांगितलं. मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि खरी मजा पुढेच आहे म्हणाला. याच मशीनवर एका गेम पार्लरमध्ये एक पोरगा शॉक लागून मेला होता. फुकट गेम मिळावा म्हणून नाण्याच्या फटीतून तार घालत होता म्हणे. जाहिरात आयतीच तयार होती: चोराला अद्दल घडवणारं मशीन.

सगळे हसले. चिमीने कॉफीचे रिकामे कप गोळा केले आणि बेसिनपाशी जाऊन उगाचच विसळत उभी राहिली. तो पोरगा तिचा दादा होता.

दादा गेला तेव्हा ती दुसरीत होती. तिला आठवायचं ते एवढंच, की दादा तिला खांद्यावर बसवून पार्लरच्या दारापर्यंत न्यायचा, आत नाही. आत धूर असतो, म्हणायचा. पुढचं सगळं ऐकीव. पार्लरवाल्याने पोलिसांना फटीतली तार दाखवली. पोलिसांनी ती पाहिली आणि कागद मिटले. गल्लीत मग कुजबुज सुरू झाली. शाळेत चिमीच्या शेजारी बसणारी मुलगी पेन्सिलीचा डबा उचलून पलीकडे सरकली. थोड्याच दिवसांत त्यांनी ते घर सोडलं, गावही सोडलं. बाबा वायरमन होते. नव्या गावात त्यांनी वायरीला हात लावला नाही. एका गोदामावर रखवालदारी धरली आणि तीच करता करता गेले. घरात दादाचा विषय निघायचा नाही. चिमीने मनाशी धरलं होतं की दादाने चोरी केली, आणि बाबांना ती लाज गिळून गेली.

डॉक्टरांकडे आपण जाणार नाही, असं बॉसला सांगणं सोपं होतं. कारण द्यावं लागलं असतं, म्हणून ती गेली. निदान स्वतःला तिने तसं समजावलं.

दातांचे डॉक्टर निवृत्त होते आणि बोलायला माणूस मिळाल्याने खुश होते. तळघरात त्यांनी मशिनं ओळीने लावली होती. एकावरही धूळ नव्हती. त्यांनी ‘पाणबुड्या’ची काच काढून दिली, चिमीने आत माइक बसवले आणि ते खेळू लागले. आवाज खरंच वेगळा होता. बंपरचा ठोका बाकीच्या मशिनांसारखा कोरडा येत नव्हता. त्याच्या खाली लाकडाची एक पोकळ पेटी होती, त्यामुळे तो पाण्याखालून आल्यासारखा दबका घुमायचा. गोळी हुकली की एक घंटा एकदाच वाजायची. हे दादाने ऐकलं असणार. तिने हेडफोन घट्ट दाबून धरले आणि काम चालू ठेवलं.

काम आटोपल्यावर डॉक्टरांनी कपाटातून एक काचेची डबी काढली. मशीन घेतलं तेव्हा त्याला हाच प्लग होता, असं ते कौतुकाने सांगत होते. मशीनच्या वायरीत तीन तारा, आणि प्लग मात्र टू-पिन. अर्थिंगची तार कापून, मागे दुमडून, वरून टेप मारलेली.

“लोक चोरीचं सांगतात,” ते म्हणाले, “पण तार घातली असती किंवा नसती, काही फरक पडत नव्हता. आत ट्रान्सफॉर्मरची वायर घासली गेली होती, मी स्वतः बदलली. अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता. नव्हतं, म्हणून करंट थेट मशीनच्या कडेच्या धातूच्या पट्टीत उतरला. एक हात इथे आणि दुसरा शेजारच्या मशीनवर. संपलं.”

चिमीने डबी हातात घेतली. टेप काळा होता आणि त्यावर लाल टेपचा एक वेढा होता. शेवटचं टोक नखाने धरता येईल इतकं आत दुमडलेलं होतं.

बाबा असंच करायचे. काम अर्धवट ठेवून उठावं लागलं तर काळ्यावर लाल वेढा, म्हणजे परत आल्यावर ते लगेच सापडावं. आणि टोक दुमडायचं, म्हणजे सोडवताना खरवडत बसायला नको. शाळेला सुटी असली की ती त्यांच्याबरोबर कामावर जायची आणि लाल टेपची गुंडाळी सांभाळायची. आताही तिच्या माइकच्या वायरींवर टेपची टोकं तशीच दुमडलेली होती. डॉक्टरांनी विचारलं, बरं वाटत नाहीये का. तळघरात कोंदट होतंय, एवढंच ती बोलली.

ती थेट घरी गेली. आई ओट्यापाशी बसून जुन्या चादरीचे तुकडे करत होती, पुसायला. चिमीने प्रवासाची पिशवीही खाली ठेवली नाही.

“त्या मशीनचा प्लग बाबांनी बसवला होता का?”

आईचे हात थांबले. कात्री तिने मिटून बाजूला ठेवली. चिमीला वाटलं होतं की ती कसला प्लग म्हणून विचारेल. तिने विचारलं नाही.

मग आईने सांगितलं, थांबत थांबत, मध्येच तुकड्यांच्या घड्या घालत. त्या गल्लीतल्या बऱ्याच दुकानांचं वायरिंग बाबांकडेच होतं, पार्लरचंही. नवीन मशीन आलं आणि मागच्या भिंतीला बोर्ड टू-पिनचा. पार्लरवाल्याला ते त्याच दिवशी चालू हवं होतं, पोरं दारात उभी होती. बाबा नको म्हणाले. तो म्हणाला, आज जुगाड करून दे, पुढच्या आठवड्यात नवा बोर्ड बसव. बाबांनी करून दिलं. पुढच्या आठवड्यात दुसरीकडचं काम निघालं, त्याच्या पुढच्या आठवड्यात पार्लरवाला आज गर्दी आहे म्हणाला. मग ते राहूनच गेलं.

“त्या दिवशी मेन स्विच पाडायला बोलावलं ते यांनाच,” आई म्हणाली. “कोण पडलंय ते माहीत नव्हतं यांना. स्विच पाडला आणि मग मागे वळून पाहिलं.”

तार फटीत पार्लरवाल्याने घातली होती, नंतर. त्याने बाबांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं की प्लग कुणी उघडला तर दोघंही आत जाऊ, माझं सोड, तुझ्या बायकोचं आणि पोरीचं काय? पोलिसांनी मुलगा असं करायचा का म्हणून विचारलं तेव्हा बाबांनी होकारार्थी मान हलवली. रात्री घरी येऊन त्यांनी आईला सगळं सांगितलं, आणि उद्या जाऊन खरं सांगतो म्हणाले.

“मीच म्हटलं, जाऊ नका,” आई म्हणाली. “एक गेला होता. दुसऱ्याला मी कशी जाऊ देणार होते? आणि तू एवढीशी.”

“दादाला सगळे चोर म्हणत होते, आई.”

“त्याला ऐकू येत नव्हतं. तुझ्या बाबांना येत होतं. रोज येत होतं.” आईने घड्या घातलेले तुकडे पुन्हा उलगडले. “दोघंही माझेच गं. एकाचं तोंड धुवायचं तर दुसऱ्याला काळं फासावं लागतं.”

चिमी त्या रात्री जेवली नाही. आईनेही आग्रह केला नाही. तिला आईचा राग आला होता, आणि मधूनच बाबांचा चेहरा समोर आला की तो राग कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. लहानपणी रेडिओ बंद पडला तेव्हा ती तो बाबांकडे घेऊन गेली होती. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले होते आणि दुकानात दे म्हणाले होते. तेव्हा तिला ते आळशी वाटले होते.

ऑफिसात परतल्यावर तिने बॉसला गाठलं आणि त्याच्या केबिनचं दार लावून घेतलं. मेलेला मुलगा आपला भाऊ होता आणि तो चोर नव्हता, इतकं तिने सांगितलं. बॉस तोंडाळ माणूस होता, पण वाईट नव्हता. बराच वेळ तो टेबलावरचा स्टेपलर उघडमीट करत राहिला. मग म्हणाला की जाहिरात रद्द, आणि तू म्हणशील तर हा गेमही रद्द.

ती म्हणाली, करायचं. का ते तिला नीट सांगता आलं नाही. मशीन चांगलं होतं. कुणाला तरी ते इतकं आवडलं होतं की तो शाळा सुटल्यावर सरळ तिथे पळायचा, आणि ते ज्या कारणाने बदनाम झालं त्यात त्याचा दोष नव्हता.

प्रत्येक गेमबरोबर त्या मशीनची माहिती द्यायची कंपनीची पद्धत होती. या वेळचा मजकूर तू लिही, असं बॉसने सुचवलं. चिमी त्या मजकुराशी पुष्कळ दिवस झगडली. ‘अर्थिंगची तार कापलेली होती’ इथे थांबता आलं असतं. पण कुणी कापली, हे लोकांनी विचारलंच असतं, आणि मग सगळ्यांची बोटं एकट्या पार्लरवाल्याकडे गेली असती. तो कधीच वारला होता. पण त्याचीही मुलंबाळं असतील, आणि एक खोटं पुसायला दुसरं अर्धं खोटं लिहायचं तिच्या जिवावर आलं. शेवटी तिने सरळ लिहिलं. पार्लरवाल्याने घाई केली. वायरमनने तार कापली आणि परत यायचं राहून गेलं. मुलाने चोरी केली नव्हती. वायरमन त्या मुलाचा बाप होता, आणि हे लिहिणारी त्या मुलाची बहीण आहे.

पाठवण्याआधी तिने ते आईला वाचून दाखवलं. आईने खिडकीकडे तोंड करून ऐकलं.

“मला विचारायला आलीस की सांगायला?”

“सांगायला.”

“मग झालं तर,” आई म्हणाली, आणि उठून पाणी भरायला गेली.

गेम बाजारात आला. फार गाजला नाही, पडलाही नाही. खेळणाऱ्यांनी बंपरच्या आवाजाचं कौतुक केलं. डावा फ्लिपर किंचित सुस्त आहे अशी तक्रार आली, ती प्रोग्रामरने दुरुस्त केली. माहितीचं पान बहुतेकांनी उघडलंही नसावं. ज्यांनी उघडलं त्यांतल्या काहींनी बाबांना खुनी म्हटलं, काहींनी नशिबाला दोष दिला, आणि एकाने हे सगळं प्रसिद्धीसाठी रचलंय असं लिहिलं. एक मात्र झालं. पिनबॉलवाल्यांच्या पानांवर जिथे जिथे ‘पाणबुड्या’चं नाव यायचं, तिथून चोर हा शब्द हळूहळू गेला.

आई मावशीकडे राहायला गेली. भांडण झालं नाही. तिने बाबांचा फोटो भिंतीवरून उतरवला, साडीत गुंडाळला आणि सोबत नेला. दादाचा तिथेच ठेवला. मावशीने फोनवर सांगितलं की ती जेवते, झोपते, बोलत मात्र फारशी नाही. कुणीतरी नातेवाइकाने ते पान वाचून तिला फोन केला होता, तेव्हापासून ती फोनही उचलत नाही.

चिमी महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन यायची. आई गुडघ्यांबद्दल बोलायची, मावशीच्या घोरण्याबद्दल बोलायची. बाबांच्या फोटोसमोर तिने एक दिवा ठेवला होता, बटणाचा, सेलवर चालणारा. चिमी आली की ती मध्ये बसायची, फोटो झाकला जाईल अशी.

हिवाळ्यात एकदा चिमी निघाली तेव्हा आई तिच्याबरोबर बस थांब्यापर्यंत आली. एवढं चालायची तिची आता पद्धत नव्हती. बाकावर टेकून तिने श्वास जमवला आणि रस्त्याकडे बघत विचारलं, “तो खेळ लोक खेळतात का गं?”

“खेळतात.”

“लहान मुलंसुद्धा?”

“मुलंसुद्धा.”

समोरून एक बस आली. ती चिमीची नव्हती.

“त्यात शॉक नाही ना बसत कुणाला?”

“नाही आई. ती नुसती चित्रं असतात, काचेच्या आत.”

आईने मान हलवली. मग तिने शाल आवळून घेतली आणि बसची वाट न बघता घराकडे चालू लागली.