हाताला लागलेली गाठ

मखमलाबादेत कुणाकडे बाळंतीण असली की न्हाऊ घालायला नवसाबाईंनाच बोलावणं जाई. तीस वर्षांत त्यांनी कितीक बाळांची डोकी गोल केली होती, नाकं सरळ केली होती. फुलशेती करणाऱ्या कुसाबाईंची लेक योगिनी बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हाही त्याच येत होत्या.

आता अडीच महिन्यांचं ते बाळ हॉस्पिटलच्या खाटेवर धापा टाकत होतं. डाव्या बरगडीतून वाढलेली लिंबाएवढी गाठ फुप्फुस दाबत होती. ती पहिल्यांदा कधी जाणवली, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आठ दिवस झाले, योगिनीनं सांगितलं. आठ दिवसांत एवढी वाढली असेल तर ती कर्करोगाची असू शकते, आणि श्वास असा बिघडत असताना तपासणीची वाट न पाहता उद्याच कडक औषधं सुरू करावी लागतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

डबा घेऊन आलेल्या नवसाबाई दाराशीच थांबल्या. पाचवीला, घरात सटवाईची पूजा मांडलेली असताना, तेल लावणाऱ्या त्यांच्या बोटांना तो टणक उंचवटा लागला होता. बरगडी चढली असेल, असं त्यांना वाटलं. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते त्या दिवशी बाळात खोट काढू नये, म्हणून त्या बोलल्या नाहीत. पुढे बोलायचं राहूनच गेलं. आता सांगितलं, तर गावातलं एकही दार त्यांना उघडणार नव्हतं.

"आठ दिवसांची नाय, ताई," त्या म्हणाल्या. "पाचवीलाच हाताला लागली व्हती. सुपारीएवढी. मी रोज अंगठ्यानं दाबत व्हते, बसंल म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना जवळ बोलावून पुन्हा पुन्हा विचारलं. जन्मतःच असलेली अशी गाठ फार दुर्मीळ, पण बहुधा कर्करोगाची नसते. तुकडा तपासल्याशिवाय आता औषध द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. दाबल्यामुळे ती झालेली नाही, हेही योगिनीकडे पाहून स्पष्ट सांगितलं.

योगिनीनं ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

"रोज रडायचा तो, मावशी," ती म्हणाली. "तुम्ही म्हणायच्या, अंग मोकळं होतंय."

बाळ कण्हलं. खाटेच्या उशाशी बसलेल्या कुसाबाई सवयीनं म्हणून गेल्या, "नवसा, घे गं जरा त्याला."

नवसाबाई पुढे सरल्या. त्याआधीच योगिनीनं बाळाला उचलून खांद्याशी धरलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ते तिथेच रडत राहिलं. नवसाबाईंनी हात मागे घेतले.